खाऱ्या वाऱ्याने काळे-पांढरे फोटो पिवळे पडतात का?

ओटीवरचा:
गणपतीआधीच्या रंगकामासाठी गुहागरजवळच्या घरी चार दिवस आलोय. ओटीच्या भिंतीवरचे फोटो उतरवले आणि आईबाबांच्या लग्नाचा फोटो हातात घेऊन तिथंच बसलो. १९६८ सालचा, दहा बाय बारा, काळा-पांढरा. काळा-पांढरा म्हणायचं ते आता सवयीनं. पांढरं होतं ते सगळं कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखं झालंय, आईच्या मुंडावळ्या जवळजवळ पुसल्या गेल्यात आणि बाबांचा काळा कोट चॉकलेटी दिसतोय.

पन्नासच्या वर वर्षं झाली, त्यामुळे यात नवल नाही. नवल पुढंच आहे. त्याच निगेटिव्हवरून, त्याच स्टुडिओनं काढलेली दुसरी प्रत देवरुखला मामाकडे भिंतीवर आहे. गेल्याच महिन्यात पाहिली. पांढरीशुभ्र! मुंडावळीचा मोती न् मोती मोजून घ्या. फक्त कडेचा काळा भाग तिरका धरला की आरशासारखा निळसर चमकतो.

माझा अंदाज असा: आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, देवरुख आत सह्याद्रीकडे. खारा वारा खिडक्यांचे गज खातो, कड्याकोयंडे खातो, तसाच फोटोही खाल्ला. बरोबर ना?

हापूस_एके_हापूस:
शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे पंख्याची पाती गळून पडतात, फोटोचं काय घेऊन बसलात.

उन्हाळी_पाहुणी:
मला तर उन्हाचं वाटतंय. ओटीवर संध्याकाळचं ऊन थेट येतं. पडदे नाही का विटत?

ओटीवरचा:
ऊन त्या भिंतीवर येत नाही हो. पुढं पडवी आहे, छप्पर इतकं खाली की उंच माणसाच्या कपाळाला वासा लागतो. भर दुपारी दिवा लावून पेपर वाचावा लागतो.

मालवणी_मसालो:
आमच्या आजयेचो फोटो पण पिवळो पडलो. पण आजयेचा लुगडाच पिवळा होता, त्यामुळे घरात अजून कोणाक कळलाच नाय.

लाल_दिवा:
एरवी फक्त वाचत असतो, पण आज राहवलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका स्टुडिओत १९७४ पासून पंचवीसेक वर्षं डार्करूम सांभाळली. दोष उन्हाचाही नाही आणि वाऱ्याचाही नाही. तुमच्या फोटोचा रोग त्याच्या पोटातला आहे, जन्माच्या दिवशीच आत राहिलेला.

ब्रोमाइड कागदावर चित्र असतं ते चांदीचं. जिलेटिनच्या पातळ थरात बसलेले चांदीचे अतिबारीक कण. डेव्हलपरमध्ये चित्र उमटतं, पण जिथं उजेड लागलेला नसतो तिथले चांदीचे क्षार तसेच उरतात. ते विरघळवायला हायपो नावाचं रसायन. आणि मग तो हायपो, त्यात विरघळलेल्या क्षारांसकट, पाण्यानं धुऊन काढायचा. माशी शिंकते ती इथंच, आणि दोन प्रकारे.

हायपो दमलेला असेल, म्हणजे त्यात आधीच शेकडो प्रिंटांची चांदी उतरलेली असेल, तर क्षार नीट विरघळत नाहीत. अर्धवट संयुगं कागदाच्या आत अडकून बसतात, ती नंतर कितीही पाणी घातलं तरी निघत नाहीत. काही वर्षांनी तीच फुटून पांढऱ्या भागात पिवळट-तपकिरी डाग धरतात. तुमचा कोरा चहा तो हाच. दुसरा प्रकार म्हणजे धुणं कमी पडणं. मग हायपोच कागदात राहतो. हायपोत गंधक असतं, ते हळूहळू चित्रातल्या चांदीलाच धरतं. फिकट छटांमध्ये चांदी मुळात थोडी, म्हणून त्या आधी जातात. मुंडावळ्या गेल्या, कोट चॉकलेटी होऊन का होईना शिल्लक राहिला. तुमच्या फोटोत दोन्ही दुखणी दिसतायत.

आता आमचं पाप सांगतो. कोकणात लग्नं कधी लागतात? एप्रिल-मे. विहिरी कधी आटतात? एप्रिल-मे. जाड कागदाच्या प्रिंटला वाहत्या पाण्यात तासभर धुणं हवं. आमच्याकडे मे महिन्यात तासाभराचं वाहतं पाणी म्हणजे चैन! सिमेंटच्या टाकीत शंभर-शंभर प्रिंट सोडायचे, ते एकमेकांना चिकटून खाली बसायचे, एक मुलगा हातानं वरखाली करायचा. पाणी दोनदा बदललं की झालं. ते टाकाऊ पाणीसुद्धा मालकीणबाई नारळाच्या मुळाशी ओतून घ्यायच्या.

आणि हायपो? दमलेला हायपो विकत घ्यायला माणूस यायचा, त्यातली चांदी काढायला. जितकी चांदी उतरलेली तितका भाव बरा. मग मालक कशाला वेळेवर बदलू देतोय!

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की छपराची पन्हळ थेट टाकीत सोडायचो, तोंडाला धोतराचं फडकं बांधून. रात्रंदिवस वाहतं पाणी. पावसाळ्यात काढलेले शाळेचे ग्रुप फोटो बघा कुठं मिळाले तर, अजून पांढरे असतील. म्हणून विचारतो, मामांची प्रत नक्की कधी काढलेली?

उन्हाळी_पाहुणी:
बाप रे. म्हणजे नारळाला चांदीचं पाणी!

ओटीवरचा:
लाल_दिवा, तोंडात बोट घातलंय. मामाला फोन करतो. त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा थोडा वेळ द्या.

रसायन_मास्तर:
लाल_दिवा यांनी सांगितलं ते शास्त्राला धरून आहे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्येच नोंदवलं होतं. फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ ला. म्हणजे औषध वीस वर्षं आधी सापडलं, रोगी नंतर जन्माला आला. जुनं नाव हायपोसल्फाइट, ते रसायनशास्त्रानं टाकलं, पण स्टुडिओवाल्यांनी हायपो सोडला नाही.

संकासुर:
मास्तर, एक शंका. गंधकानं चांदी धरली तर सिल्व्हर सल्फाइड होणार. घरातली चांदीची निरांजनं खराब होतात ती त्यानंच, पण ती काळी पडतात. मग फोटो पिवळा का?

रसायन_मास्तर:
छान शंका. निरांजनावरही पहिल्यांदा पिवळट झाकच येते, नीट पाहा. थर वाढला की तपकिरी, मग काळा. फोटोत कण इतके बारीक आणि विरळ असतात की काळ्यापर्यंत मजल जातच नाही. अजून एक गंमत म्हणजे सेपिया टोन केलेले जुने फोटो. तिथं सगळी चांदी मुद्दाम, एकदमच सल्फाइड करून टाकलेली असते. सल्फाइड फार टिकाऊ, त्यामुळे ते फोटो सहसा फिके पडत नाहीत. म्हणजे आमच्या बंड्यासारखं, जो आधीच नापास झालाय त्याला निकालाची भीती नाही.

गलबत:
इतका वेळ गप्प होतो, पण धाग्याच्या शीर्षकातच समुद्रावर आळ घेतलाय म्हणून त्याच्या बाजूनं बोलतो (३१ वर्षं जहाजावर काढली आहेत).

खारं पाणी हायपो काढायला गोड्या पाण्यापेक्षा चांगलं! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या जहाजांवर गोडं पाणी मोजकं, तेव्हा फोटो समुद्राच्या पाण्यात धुतले जायचे. लक्षात आलं की हायपो त्यात लवकर निघतो. पाण्यातले क्षार हायपोला जिलेटिनमधून आणि कागदातून बाहेर ढकलतात. पुढं बाजारात हायपो क्लिअरिंग एजंट आले ते याच वाटेनं, त्यात मुख्य माल सोडियम सल्फाइट. शेवटी मात्र गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं, नाहीतर मीठ कागदात राहून ओल धरतं.

लाल_दिवा:
गलबत, काय सांगताय! आमचा स्टुडिओ बंदरापासून दोनशे पावलांवर होता. भर मे महिन्यात आम्ही कावडीवाल्याची वाट बघत बसायचो आणि समोर अख्खा अरबी समुद्र लोळत असायचा. सल्फाइट तर आमच्याकडे डेव्हलपर बनवायला पोत्यानं पडलेलं असायचं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अर्ध्या तालुक्याच्या वरमाया आज गोऱ्या राहिल्या असत्या.

मालवणी_मसालो:
म्हंजे समुद्रान खाल्लो नाय, समुद्रान वाचवलो असतो. ओटीवरचा, शीर्षक बदला.

संकासुर:
मला हा मे महिन्याचा सिद्धांत जरा जास्तच गोड वाटतोय. माझ्या आईवडिलांचं लग्न १९७१ च्या मे महिन्यातलं, फोटो सावंतवाडीकडच्या एका स्टुडिओतला. आजही पांढराच आहे. आता बोला.

लाल_दिवा:
तिथं बारमाही पाट असेल, नाहीतर मालक माझ्या मालकापेक्षा भला असेल. मी ‘मे महिना म्हणजे पिवळा’ असा नियम सांगत नाहीये. पाणी कमी, गर्दी जास्त, हायपो दमलेला, तिन्ही एकत्र आले की व्हायचं ते होतं. चांगले लोक मेमध्येही दोन हायपो ठेवायचे. पहिला जुना, दुसरा ताजा. प्रिंट आधी जुन्यात, मग ताज्यात. पहिला दमला की फेकायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचं. माझा गुरू पाणीसुद्धा तपासायचा. विहिरीत टाकतात ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट असतं ना, त्याचं अगदी फिकट गुलाबी पाणी करायचा, दोन काचेच्या पेल्यांत. एकात विहिरीचं नुसतं पाणी, दुसऱ्यात प्रिंट उचलून त्याच्या कोपऱ्यातून निथळणारे थेंब. दुसऱ्याचा गुलाबी रंग उडाला की ओरडायचा, ‘अजून आहे! परत घाल!’ नुसत्या पाण्याचा पेला कशाला, तर पाण्यात पालापाचोळा कुजलेला असला तरी रंग उडतो, म्हणून.

तो गेल्यावर पेले चहाला लागले.

चिपळूणची_लेक:
थोडं अवांतर. आमचे फोटो पिवळे पडायला उरलेच नाहीत. २००५ च्या पुरात निम्मे गेले, उरलेले २२ जुलै २०२१ च्या. अल्बम चिखलात सापडला, पानं एकमेकांना चिकटलेली. मी घाईघाईनं ओढून सोडवायला गेले आणि आजोबांचा चेहरा समोरच्या पानावरच्या म्हशीला लागला. तेव्हा कुणाचे भिजले तर ओढू नका. ओले असतानाच थंड स्वच्छ पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्या आणि एकेक करून सावलीत, चेहरा वर करून वाळवा. हे मला नंतर कळलं.

लाल_दिवा:
ताई, बरोबर पद्धत. आणि काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायच्या भानगडीतच पडू नका, काचेसकट कॅमेऱ्यानं कॉपी करा. पावसात जिलेटिन ओल पिऊन फुगतं, काच टेकलेली असेल तर पकडून ठेवतं.

फ्रेमवाला_कुडाळ:
माझा धंदाच फ्रेमचा, म्हणून मामांच्या फोटोबद्दल बोलतो. तो निळसर आरसा म्हणजे वेगळंच प्रकरण, तो मात्र बाहेरून आलेला आजार. चांदीला हवेतल्या काही वाफा लागतात, ती गंजल्यासारखी होऊन वर सरकते आणि पृष्ठभागावर पुन्हा चांदी होऊन बसते. म्हणून काळ्या भागात, आणि हवा आधी शिरते त्या कडांना, चमक. दमट हवेत हे जोरात. आता त्या वाफा कुठून? मी शंभर फ्रेमा उघडल्या असतील, मागं प्लायवूड नाहीतर सुपारीच्या खोक्याचा पुठ्ठा. प्लायवूडमधून वाफा येतच राहतात. आणि दुसरं कारण सगळ्यांच्या घरात आहे, गणपतीआधीचा ऑईल पेंट. ऑईल पेंट वाळताना हवेत पेरॉक्साइड सोडतो, ते चांदीचं वैरी. लोक काय करतात, संध्याकाळी भिंत रंगवतात, सकाळी हाताला रंग लागत नाही म्हटल्यावर फोटो परत टांगतात. वास जाईपर्यंत तरी थांबा हो, चार-सहा आठवडे.

उन्हाळी_पाहुणी:
चार-सहा आठवडे? गणपतीला पाहुणे येणार, भिंतीवर आजोबा नाहीत म्हटल्यावर आत्या घर डोक्यावर घेईल.

फ्रेमवाला_कुडाळ:
आजोबांची झेरॉक्स लावा. मस्करी नाही, रंगीत कॉपी लावा आणि अस्सल आत ठेवा. भिंतीवरच लावायचा हट्ट असेल तर बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर नको, ती पावसात घामेजते. माजघरातल्या आतल्या भिंतीवर लावा, फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. काच आणि फोटो यांच्यात माउंटचा जाड कागद हवाच. आणि लॅमिनेशन करू नका. हात जोडतो.

हापूस_एके_हापूस:
आमच्याकडचा एक फोटो १९८८ चा आहे, तो पिवळाही नाही आणि चमकतही नाही, पण त्यावर केशरी ठिपके आलेत. आंब्याच्या डागासारखे. हे कोणतं पाखरू?

लाल_दिवा:
कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत आहे का, फाडायला गेलं तर चिवट? तो आर.सी. म्हणजे रेझिन कोटेड कागद, सत्तरीच्या दशकात आला. दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर असल्यामुळे कागद हायपो पीतच नाही, तीन-चार मिनिटांत धुऊन होतो. आम्ही पाण्याच्या आनंदात नाचलो होतो! पण त्याच्या पांढऱ्या थरात टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीवर उजेडात टांगला की त्यातून चांदीला गंजवणारी द्रव्यं तयार होतात आणि काचेमागं कोंडून राहतात. केशरी ठिपके त्याचेच. म्हणजे या कागदाला ट्रंकेत ठेवा, तो भिंतीवरचा नव्हे.

मालवणी_मसालो:
लग्नाच्या फोटोंचो विषय निघालो म्हणून सांगतंय. आवशीचो शालू लाल. स्टुडिओवाल्यान ब्रशान रंग भरलो तो हिरवो. कित्याक, तर लाल बाटली संपली होती. पन्नास वर्षां पाव्हणो इलो की आवस सांगता, ‘तो लाल आसा’.

पिक्सेल_पावटा:
कामाचं एक सांगतो. पिवळ्या फोटोचं स्कॅनिंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये करू नका, रंगीतच करा, ६०० डीपीआयला. मग सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा चॅनेल सुटे करून बघा. पिवळट डाग लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसेनासे होतात, कारण पिवळा रंग लाल प्रकाश अडवत नाही. पण मुंडावळीसारखं जे स्वतःच फिकट पिवळं होऊन बसलंय ते निळ्या चॅनेलमध्ये शोधा, तिथं ते गडद दिसतं. मी दोन्ही वापरतो, पार्श्वभूमी लाल चॅनेलची आणि चेहरे निळ्याचे. एक अख्खा रविवार जातो, बायको बोलत नाही.

संकासुर:
आणि तो पिवळा फोटो परत पाण्यात टाकून धुतला तर? उरलेला हायपो आता काढता येईल की.

लाल_दिवा:
उरलेला निघेल, पुढचं नुकसान थांबेल. पण झालेला पिवळेपणा पाण्यानं जात नाही, तो सल्फाइड आहे. आणि पन्नास वर्षांचं जिलेटिन पाण्यात कसं वागेल याचा भरवसा नाही, बुरशी लागून गेली असेल तर चित्रच सुटून तरंगायला लागतं. मी स्वतःच्या आईचा फोटो धुतला नाही. तो माझ्याच टाकीतला होता, मेमधला.

ओटीवरचा:
आलो परत. फ्रेम उघडली. मागं पुठ्ठाच आहे, खिळे गंजून त्याचे गोल डाग पडलेत. फ्रेमच्या लाकडाखाली झाकलेली पाव इंच कड, जिथं उजेड कधी गेलाच नाही, तीसुद्धा तितकीच पिवळी. म्हणजे उन्हाळी_पाहुणी, ऊन बाद.

आता ऐका. फोटोच्या पाठीवर, कोपऱ्यात पेन्सिलनं तारीख आहे: १९/५/६८. मामाला तीनदा ओरडून सांगितलं, मग मामीनं फ्रेम उतरवून बघितली. त्यांच्या फोटोमागं ११/८/६८. मामी म्हणाली, ‘लग्नातले फोटो मिळाले तेव्हा ह्यांच्या वाट्याला आला नव्हता म्हणून रुसले होते, मग तुझ्या आजोबांनी पावसातून जाऊन दुसरा काढून आणला.’

वर विचारलं, तुम्ही भिंतीला रंग कुठला लावता? तर म्हणे दर गणपतीला ऑईल पेंट, चकचकीत, पुसायला सोपा पडतो.

लाल_दिवा:
११ ऑगस्ट. पन्हळीचं पाणी. 🙏

संकासुर:
दोन फोटोंवरून सिद्धांत सिद्ध होत नाही हे माझं म्हणणं कायम आहे. पण वाचनखूण साठवली.

ओटीवरचा:
आत्ताच रंगारी आलाय. ओटीवर उभा राहून विचारतोय, ‘दादा, ऑईल मारू की डिस्टेंपर?’

फ्रेमवाला_कुडाळ:
डिस्टेंपर!!!

मालवणी_मसालो:
आणि उरलेला पाणी नारळाक घाला.